दुभाषी वकिलांचीं दफ्तरें : नांदेड-लातूरकडील एक उपेक्षित साधन

कांहीं वर्षांपूर्वीं लातूर जिल्ह्यांतील एका जुन्या वकिली घराण्यांतला एक रुमाल प्रस्तुत लेखकाकडे वाचनासाठीं आला. रुमाल खारव्याचा, एका कोपऱ्यास कसर लागलेला, आणि आंत सुमारें दीडशें कागद होते. सर्व मोडी. खेड्यापाड्यांतील मंडळींचीं पत्रें, वर्गणीच्या याद्या, बैठकीस कोण आलें व कोण आलें नाहीं ह्याचीं टिपणें, असा एकंदर ऐवज. पुष्कळ कागदांच्या माथ्यावर त्याच हातचा शेरा होता कीं, सोबतच्या मसुद्याशीं ताडून पाहावें. तो सोबतचा मसुदा मात्र एकाहि ठिकाणीं सांपडेना. मालकांस विचारतां त्यांनीं सरळ सांगितलें कीं, मसुदे उर्दूंत होते, घरांत वाचणारें कोणी उरलें नव्हतें, तेव्हां वाडा उतरविला त्या वेळीं ते रद्दींत गेले. मराठी तेवढें आपलें म्हणून ठेवलें. गृहस्थ सज्जन आहेत, आणि कागद राखावे ही बुद्धि त्यांस झाली ह्याबद्दल आपण त्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु हातीं आलेला रुमाल हा एका संवादाचा अर्धा भाग होता, आणि उरलेला अर्धा आतां कोणासहि ऐकूं येणार नाहीं.

एका घराची गोष्ट असती तर तिच्यासाठीं त्रैमासिकाचीं पानें अडविण्याचें कारण नव्हतें. नांदेड, कंधार, औसा, उदगीर, निलंगें ह्या बाजूस कागदांच्या शोधांत हिंडतांना ह्याच्या उलट प्रकारहि दृष्टीस पडला. जेथें घरीं उर्दू जाणणारें वडील माणूस होतें तेथें उर्दू कागद पेटींत नीट ठेवले गेले, आणि मोडी तेवढे किराण्याच्या हिशेबाचे समजून चुलींत घातले गेले. दोन्हीकडे परिणाम एकच. निजामी अंमलाखालच्या मराठवाड्यांत लोकांचें सार्वजनिक जीवन ज्यांनीं उभें केलें, त्यांतील पुष्कळजण दुभाषी वकील होते. लोकांशीं ते मराठींत बोलत आणि सरकाराशीं उर्दूंत लिहीत. दोन्ही ठिकाणीं मजकूर एकच असे, असें मुळींच नाहीं. त्यांचें राजकारण ह्या दोन मजकुरांमधल्या अंतरांत आहे, आणि दफ्तराचे दोन तुकडे केले कीं नेमकें तेंच नाहींसें होतें. एवढेंच सांगण्यासाठीं हा लेख.

वकील हा शब्द आपल्या वाचकांस पेशवाईच्या कागदांतून परिचित आहे. तेथें तो दरबारीं राहणाऱ्या प्रतिनिधीस लागतो. निजामाच्या दरबारीं नाना फडणिसांचा वकील गोविंदराव कृष्ण काळे होता. खर्ड्याच्या लढाईपूर्वीं (११ मार्च १७९५) मुशीरुल्मुल्काचें भर दरबारांतलें उर्मट बोलणें त्याला व गोविंदराव पिंगळ्यांना ऐकून घ्यावें लागलें, आणि लढाईनंतर तोच मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन करण्यांत आला. काळ्यानें दरबारांत ऐकलें तें फारशी वळणाचें, आणि पुण्यास कळविलें तें मराठींत. पलीकडच्या पक्षासहि हीच सोय होती. निजामअलीचा दिवाण विठ्ठल सुंदर हा मराठी ब्राह्मण. साडेतीन शहाण्यांतील पूर्ण शहाणा म्हणून त्याची गणना होते. १० ऑगस्ट १७६३ रोजीं राक्षसभुवनच्या रणांत तो पडला. तात्पर्य, उदगीरच्या लढाईपासून (३ फेब्रुवारी १७६०) खर्ड्यापर्यंत ह्या मुलखाच्या भवितव्याचीं बोलणीं झालीं तीं दोन भाषा जाणणाऱ्या माणसांच्या तोंडून. शिवकालीं राजव्यवहारकोश रचून फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. माझ्यासारख्या संस्कृत पढलेल्या माणसास त्या कोशाचा अभिमान वाटणें साहजिक आहे, तथापि पुढच्या शतकाचा कारभार त्या कोशाच्या आधारें चालला नाहीं हेंहि कबूल केलें पाहिजे. तो चालला दुभाष्यांच्या जिभेवर.

ह्या अठराव्या शतकाविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं. खरेशास्त्र्यांचा ऐतिहासिक लेखसंग्रह आणि शेजवलकरांचें निजाम-पेशवे संबंधांवरील पुस्तक वाचकांच्या संग्रहीं असेलच. आपला प्रश्न निराळा आहे. पेशवाई बुडाल्यावर दरबारीं वकील उरला नाहीं. शब्द मात्र उरला, आणि शंभर वर्षांनीं तोच शब्द अंगावर घेऊन निराळाच माणूस त्याच दरबारापुढें उभा राहिला. पहिल्याच्या पाठीमागें फौज होती. दुसऱ्याच्या पाठीमागें फक्त पक्षकार होते.

हा माणूस निर्माण कसा झाला हें समजण्यास राज्याची भाषाव्यवस्था ध्यानांत घेतली पाहिजे. निजामाच्या महसुलाचीं जीं दोन मोठीं दफ्तरें होतीं त्यांपैकीं मराठवाड्याकडील मुलखाचें दफ्तर-इ-दिवाणी रायरायां ह्या मराठी ब्राह्मण घराण्याकडे पिढ्यानुपिढ्या होतें, आणि तेलंगणाकडील दफ्तर-इ-माल माळवाला ह्या कायस्थ घराण्याकडे. म्हणजे वरचा व्यवहार फारशींत चालला तरी कारकून दोन्ही भाषांचे जाणकार असत. सालारजंगी सुधारणांनंतर ह्या वंशपरंपरागत दफ्तरांचें महत्त्व कमी होत गेलें. इ. स. १८८४ च्या सुमारास न्यायालयांत फारशीच्या जागीं उर्दू आली, आणि थोड्याच अवधींत इतर कचेऱ्यांतहि तीच झाली. इ. स. १९१८ मध्यें उस्मानिया विद्यापीठ निघालें तेंहि उर्दू माध्यमाचें. खालीं गांवच्या पातळीवर मात्र कुळकर्ण्याचें दफ्तर मोडींतच राहिलें. कुळानें दिलेल्या पट्टीची पावती मोडींत. त्याच कुळाच्या जमिनीविषयीं तहशिलींतून आलेलें हुकूमपत्र उर्दूंत. आणि दाद मागावयाची ती अव्वल तालुकदाराकडे, म्हणजे आपण ज्यास कलेक्टर म्हणतों त्याच्याकडे, तीहि उर्दूंत. गांव आणि कचेरी ह्यांच्या मध्यें एक नदी वाहत होती, आणि तिच्यावर होडी घालणारा तो वकील.

येथें संशोधकांसाठीं एक गोष्ट नोंदवून ठेवतों, कारण तिच्यामुळें बराच वेळ फुकट जातो. आजचा लातूर जिल्हा इ. स. १९८२ मध्यें झाला. निजामी काळांत लातूर व औसा हे उस्मानाबाद जिल्ह्याकडे होते. उदगीर, निलंगें व अहमदपूर हे बीदर जिल्ह्याकडे, आणि तेथून ते इ. स. १९५६ च्या पुनर्रचनेंत मराठी मुलखांत आले. त्याच सुमारास नांदेड जिल्ह्यांतील मुधोळ तालुका आदिलाबादेकडे गेला. म्हणून लातूरचे कागद लातूर ह्या नांवाखालीं शोधणारा बहुधा रिकाम्या हातानें परततो. देगलूर, बिलोली, मुखेड ह्या भागांत तेलुगू, उदगीर-बीदरकडे कानडी. तेव्हां त्या बाजूच्या वकिलास मराठी-उर्दू ह्या दोहोंनीं भागत नसे, तिसरी भाषा निदान कानावर तरी असावी लागे.

वकिलीच्या परीक्षा उर्दूंत होत, व त्यांचे दर्जे असत. इंग्रजीचा गंध नसलेला, गांवच्या शाळेंत चार बुकें शिकून पुढें मौलवीसाहेबांकडे उर्दू-फारशी गिरवलेला होतकरू मराठी मुलगा खालच्या दर्जाची परीक्षा देऊन तालुक्याच्या मुन्सिफीपुढें उभा राहूं शके. ब्रिटिश मुलखांतील पुढारी इंग्रजी शिक्षणानें घडले, असें आपण म्हणत आलों. मराठवाड्यांतील पहिल्या पिढीच्या पुढाऱ्यांस तें विधान जसेंच्या तसें लावतां येत नाहीं. त्यांचें राजकीय शिक्षण उर्दू कायद्याच्या पुस्तकांत झालें. पेशीच्या दिवशीं वीस गांवचे लोक एके ठिकाणीं जमत. मिसल पुकारेपर्यंत ते झाडाखालीं बसत, आणि एकमेकांचें गाऱ्हाणें एकच आहे हें त्यांस तेथेंच कळे. नांदेडास इ. स. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यांतून रेल्वे आली, लातुरास बार्शी लाइट रेल्वे इ. स. १९११ मध्यें पोंचली, आणि लातूरचा गंज वाढला. व्यापारी, अडते, कुळें, आणि ह्या सर्वांचे कागद ज्याच्याकडे आहेत तो वकील: संघटनेस लागणारें सर्व साहित्य तेथें आयतेंच जमलेलें होतें.

ह्या वर्गांतील अग्रणी केशवराव कोरटकर. इ. स. १८६७ मध्यें वसमत तालुक्यांतील पुरजळ ह्या लहानशा गांवीं ते जन्मले. तें गांव नांदेडपासून फार दूर नाहीं. गुलबर्ग्यास व नंतर हैदराबादेस त्यांनीं वकिली केली, पुढें ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, आणि इ. स. १९३२ मध्यें वारले. पोटापुरती वकिली आणि उरलेल्या वेळांत सार्वजनिक काम, अशी त्यांची वांटणी नव्हती. इ. स. १९०७ मध्यें हैदराबादेस विवेकवर्धिनी शाळा निघाली, तिच्या पाठीशीं केशवराव, वामनराव नाईक इत्यादि मंडळी होती. इ. स. १९२० मध्यें 'निजाम विजय' हें मराठी साप्ताहिक निघालें, त्यांतहि केशवरावांचा हात होता. आर्यसमाजाचेंहि काम त्यांनीं केलें, आणि त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार तें पुढें चालवून इ. स. १९४८ नंतर हैदराबाद राज्याच्या मंत्रिमंडळांत बसले.

केशवरावांच्या कामाची एक खूण अशी कीं, सरकार ज्याला राजकारण म्हणेल असें नांव त्यांनीं आपल्या कोणत्याहि कामास दिलें नाहीं. शाळा, वाचनालय, वृत्तपत्र, समाजसुधारणेची परिषद. प्रत्येकाची सरकारांत उर्दू भाषेंत रीतसर ओळख करून द्यावयाची, आणि त्याच वेळीं मराठी समाजास त्यांतून एकत्र बसण्याची संवय लावावयाची. हायकोर्टाच्या न्यायाधीशानें मराठी पत्रास आधार द्यावा हें त्या राज्यांत सोपें नव्हतें. दोन्ही भाषांत ज्याचा शब्द वजनदार, त्यालाच तें साधणारें होतें.

राजकारण हें नांव टाळण्याचें कारण कायद्यांत होतें. सार्वजनिक सभेस पूर्वपरवानगी हवी, आणि तिचे नियम ज्या परिपत्रकांत होते तें 'गश्ती निशान ५३' तेलंगणांत व मराठवाड्यांत सारखेंच कुप्रसिद्ध झालें. खाजगी शाळेसहि परवानगीची अट होती. परिणाम असा कीं, हैदराबाद संस्थानची राजकीय परिषद संस्थानांत भरूं शकली नाहीं. ती भरली इ. स. १९२३ मध्यें काकिनाड्यास, १९२६ मध्यें मुंबईस, १९२८ मध्यें न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखालीं पुण्यास, आणि १९३१ मध्यें अकोल्यास. घरचें दुखणें सांगावयास परगांवीं जावें लागे. संस्थानच्या आंत जें होई तें सर्व अर्जाच्या रूपानें, आणि अर्ज म्हटला कीं वकील आलाच.

ह्या अर्जांच्या मसुद्यांत काय असे, आणि त्याच कामाच्या मोडी टिपणांत काय, हें शेजारीं ठेवून वाचण्याची संधि मला दोन-तीन लहान दफ्तरांतच मिळाली. तीं घराणीं आपलें नांव छापूं इच्छीत नाहींत, म्हणून केवळ स्वरूप सांगतों. उर्दू मसुदा नम्रतेचा कळस. सरकारचें कल्याण चिंतून आरंभ, आणि रिआयाची, म्हणजे प्रजेची, एक क्षुल्लक अडचण हुजुरांच्या कानीं घालण्याची परवानगी मागून मुद्द्याची गोष्ट. त्याच कामाचें मोडी टिपण रोखठोक: अमुक गांवचे इतके लोक सही करण्यास तयार, अमुक भितो, अमुकास त्याच्या सासऱ्याकडून सांगवावें. केवळ उर्दू वाचणाऱ्यास हा वकील खुशामत्या वाटेल. केवळ मोडी वाचणाऱ्यास तो उघड बंडखोर वाटेल. तो दोन्ही नव्हता. लोकांचा राग कचेरीस ऐकूं जाईल अशा सुरांत बसविणें, आणि कचेरीचा हुकूम लोकांस कळेल पण त्यांचा धीर सुटणार नाहीं अशा शब्दांत सांगणें, हा त्याचा धंदा होता. मसलत देणें म्हणतात तें हेंच.

शब्दांची एक अडचण येथें सांगणें अवश्य आहे, कारण तिनें मीहि एकदां फसलों. मराठींत राजीनामा म्हणजे काम किंवा जमीन सोडल्याचा लेख. उर्दू कचेरींत राजीनामा म्हणजे उभय पक्षांची तडजोड. एका मोडी टिपणांत राजीनामा दाखल झाल्याची नोंद वाचून, त्या गांवच्या पाटलानें पाटिलकी सोडली असें मी समजलों, व तसें एका स्नेह्यास कळविलेंहि. पुढें मिसलीचा उर्दू कागद सांपडला तेव्हां कळलें कीं, पाटील आणि कुळें ह्यांचा समेट झाला होता. अर्थ अगदीं उलटा! तीच गत तकरारीची: आपल्याकडे ती गाऱ्हाणें, तिकडे ती भांडण. खुलासा आपल्याकडे उलगडा, तिकडे सारांश. तजवीज आपल्याकडे सोय, तिकडच्या कोर्टांत न्यायाधीशाचा निर्णय. ह्या वकिलांचें मराठी लिहितांना मन अर्धें उर्दूंत असे, आणि एकाच टिपणांत एक शब्द पहिल्या ओळींत मराठी अर्थानें व चौथ्या ओळींत उर्दू अर्थानें येतो. केवळ मोडी अक्षर लागलें म्हणजे कागद लागला, असें मानणाऱ्यांनीं सावध राहावें.

दुभाषेपणाची दुसरी बाजूहि लपवूं नये. दोन भाषा ज्यास येतात त्यास तिसरी भाषा बोलणारा दिसत नाहीं, हा दोष आमच्या पूर्वजांत होता. इ. स. १९२१ च्या नोव्हेंबरांत हैदराबादेस समाजसुधारणेची परिषद विवेकवर्धिनीच्या नाटकगृहांत महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं भरली. उर्दू, मराठी, इंग्रजी भाषणें झालीं. आलंपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूंत बोलावयास उभे राहिले, तेव्हां सभेंतील मंडळींनीं हुर्यो करून त्यांस बोलूं दिलें नाहीं. सभा मुख्यतः मराठी पुढाऱ्यांची होती. तो डाग पुसतां येणार नाहीं. तेलुगू मंडळी उठून गेली, त्यांनीं त्याच रात्रीं निराळी बैठक केली, आणि आंध्र जन संघ निघाला. त्यांतूनच पुढें आंध्र महासभा झाली. तिचें पहिलें अधिवेशन इ. स. १९३० मध्यें जोगीपेठेस भरलें. आपल्या वाचकांसाठीं एक उपकथा अशी कीं, त्या मंडळींनीं ताम्रपट, शिलालेख व पोथ्या जमविण्यासाठीं पुढें एक संशोधक मंडळी काढली, आणि तिला नांव दिलें कोमर्राजू लक्ष्मणराव ह्यांचें. हे लक्ष्मणराव नागपुरास शिकलेले आणि तरुणपणीं मराठींत लेख लिहिणारे. ज्या भाषेच्या सभेंत आपणांस हुसकावलें त्याच भाषेंत लिहिणाऱ्या आपल्या माणसाचें स्मारक त्यांनीं केलें. ह्यावर टीका करण्याची आमची योग्यता नाहीं.

देगलूर-बिलोलीकडील वकिलांचे कागद म्हणूनच विशेष महत्त्वाचे आहेत. हैदराबादेंतल्या सभेंत तेलुगूस हुर्यो करणें सोपें होतें. जेथें पक्षकारांपैकीं निम्मे तेलुगू बोलतात तेथें तें परवडणारें नव्हतें. सरहद्दीवरचे हे वकील ह्या बाबतींत राजधानीच्या पुढाऱ्यांहून शहाणे असले पाहिजेत, असें माझें अनुमान आहे. दफ्तरें मिळालीं तरच तें तपासतां येईल.

अर्जाचें हें राजकारण इ. स. १९३७-३८ पर्यंत चाललें. महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन इ. स. १९३७ मध्यें परतूर येथें गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखालीं भरलें, आणि दुसरें इ. स. १९३८ मध्यें लातुरास. मराठी लोकांची राजकीय सभा अखेर संस्थानच्या आंत भरूं लागली. त्याच वर्षीं स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्यापूर्वींच बंदी आली, आणि २४ ऑक्टोबर रोजीं सत्याग्रह सुरू झाला. आर्यसमाजाचाहि लढा त्याच सुमाराचा. उदगीरचे वकील भाई श्यामलाल हे त्याच १९३८ सालीं बीदरच्या तुरुंगांत वारले. ज्यानें आयुष्यभर इतरांचे जामीनअर्ज लिहिले त्याचा शेवट कोठडींत व्हावा, ह्यावरून काळ कसा पालटला हें कळतें. अर्जानें भागेनासें झालें, तशी नेतृत्वाची जागा वकिलांकडून शिक्षकांकडे गेली. स्वामी रामानंद तीर्थ हे विजापूर जिल्ह्यांत सिंदगी येथें इ. स. १९०३ मध्यें जन्मलेले. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत आणि नंतर अंबेजोगाईस त्यांनीं मुलें शिकविलीं, व इ. स. १९३२ मध्यें संन्यास घेतला. संन्याशास जप्त होण्याजोगी सनद नसते. माझा व्यवसाय शिक्षकाचा असल्यामुळें ह्या पालटाचा मला थोडा अभिमान वाटतो. परंतु स्वामीजींच्या कार्यकर्त्यांनीं ज्या गांवांत पाय ठेवला, तेथें पूर्वीं एखाद्या वकिलानें सह्या गोळा केल्या असण्याचा संभव पुष्कळ आहे, हें विसरतां येत नाहीं. अनंत भालेरावांनीं ह्या लढ्याचा जो इतिहास लिहिला त्यांत माणसें भरपूर आहेत. आतां कागद हवे आहेत.

इ. स. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी अंमल संपला, आणि कांहीं वर्षांत कचेऱ्यांतून उर्दू गेली. दुभाषी वकिलाची विद्या एका पिढींत निरुपयोगी ठरली. गंमत अशी कीं, इ. स. १९५६ पासून १९६० पर्यंत आपण ज्या राज्यांत राहिलों त्याचें नांवच द्विभाषिक होतें, पण त्याच्या दोन भाषांत उर्दूचा समावेश नव्हता. मोडीहि शाळांतून गेली. एका पिढीनें दोन लिप्या एकदम गमावल्या. जी विद्या टिकली ती संशोधकांच्या हातीं. निलंग्यास इ. स. १९१० मध्यें जन्मलेले सेतु माधवराव पगडी ह्या परंपरेचे शेवटचे मोठे पुरुष म्हणतां येतील. हैदराबादच्या मुलकी सेवेंत राहून त्यांनीं गोंडी व कोलामी भाषांवर पुस्तकें लिहिलीं, आणि मराठ्यांच्या इतिहासाचीं फारशी साधनें मराठींत आणलीं. जी गोष्ट तालुक्याचा वकील अर्जापुरती करी, तीच पगड्यांनीं इतिहासासाठीं केली.

ही विद्या केवळ हौसेची राहिली नाहीं, ह्याचा प्रत्यय अलीकडे आला. इ. स. २०२३ च्या सप्टेंबरांत महाराष्ट्र सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली, आणि कुणबी नोंदींसाठीं मराठवाड्यांतील निजामकालीन कागद तपासण्याचें काम सुरू झालें. मोडी वाचणारा आणि उर्दू वाचणारा, दोघांसहि एकदम मागणी आली. आरक्षणाच्या प्रश्नाविषयीं येथें मत देण्याचें प्रयोजन नाहीं. मात्र जे कागद कालपर्यंत रद्दीवाला वजनावर नेत होता त्यांच्यावर आज माणसांचे हक्क ठरत आहेत, हें संग्राहकांनीं पाहून ठेवावें.

आतां संग्राहक बंधूंस कांहीं व्यवहाराच्या सूचना. वकिली दफ्तर हातीं आलें तर लिपीवार वांटणी करूं नये. रुमालांत कागद ज्या क्रमानें आहेत त्याच क्रमानें त्यांवर पेन्सिलीनें आंकडे घालावे, मग सोडावे. उर्दू मसुद्याच्या पाठीवर मोडी शेरा असतो; पाठ कोरी दिसली तरी उजेडाकडे धरून पाहावी. तारखांच्या बाबतींत विशेष जपावें. हैदराबादी फसली सन आजूर महिन्यानें, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, सुरू होई. मृगास बदलणारा फसली निराळा. दोहोंत जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांपुरतें बरोबर एक वर्षाचें अंतर पडतें. उर्दू कागदावर फरवर्दी १३३० असेल तर तो इ. स. १९२१ चा फेब्रुवारी धरावा. पण त्याच वर्षाचा मोडी कागद पावसाळ्यांतला असेल, तर लिहिणाऱ्यानें कोणता फसली धरला हें आधीं ठरवावें, मग साल घालावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, घरच्या माणसांस उर्दू कागदांविषयीं परकेपणा वाटूं देऊं नये. ते कागद त्यांच्याच आजोबांच्या हातचे आहेत.

आरंभीं सांगितलेल्या रुमालाचें पुढें असें झालें कीं, मालकांनीं पुन्हां शोध घेतला, तेव्हां माळ्यावरच्या एका जुन्या पंचांगाच्या गठ्ठ्यांत चौदा उर्दू कागद निघाले. पंचांगें जपून ठेवलीं म्हणून तेहि वांचले. नांदेडचे एक निवृत्त उर्दू शिक्षक महिन्यांतून एकदां लातुरास येतात. शिकस्ता अक्षर ते लावतात, मी शेजारीं मोडी धरतों. चौदांपैकीं पांच कागदांचे जोडीदार आतांपर्यंत सांपडले आहेत. सहाव्यावर तारीख आहे, सही आहे, पण कोणत्या गांवचा तें कळत नाहीं. गांवाच्या नांवावर नेमकी घडी आली आहे.